मोठ्या टेबलावरची चकती

मी एक जुनी चकती आहे. पोकर नावाच्या पत्त्यांच्या जुगारात पैशांऐवजी टेबलावर टाकतात ना, त्यातली. रंगाने काळी, अंगावर सोनेरी अक्षरांत 'हजार'. मित्रांनो, साच्यातून बाहेर पडले तेव्हा कारखान्यातल्या एका बाईंनी मला मऊ फडक्याने पुसलं होतं. तेच माझं शेवटचं पुसणं.

टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत मी कामाला लागले. तिथली माणसं कान कोरायची, वडे हाणायची आणि त्याच बोटांनी मला कुरवाळायची. एकजण तर विचार करताना मला दातांत धरायचा. शी! "काय वजनदार चकती आहे," असं माझं कौतुकही व्हायचं. असलं कौतुक नको वाटे.

शेजारी छोटं टेबल होतं, दहा-दहाच्या चकत्यांचं. तिथे एक घड्याळजी खेळायचा. पत्ते वाईट आले की टाकून द्यायचा, चांगले आले की ठाम राहायचा. हरला तरी शीळ घालत घरी जायचा. मला वाटे, पडावं तर याच्या हातात पडावं.

एका रविवारी दुपारी आमच्या मोठ्या टेबलावर खेळणाऱ्या एका कंत्राटदाराने त्याला हाक मारली, "काय घड्याळजी, किती दिवस चिल्लर खुळखुळवणार? या की आता माणसांत!"

तो आला. खिशातून नोटा काढल्या, पण हातातून सोडल्या नाहीत.

"पाळणाघराची आगाऊ फी आहे हो. बायको परत कामावर जाणार आहे. उद्या भरायचीय."

"मग उद्यापर्यंत मोकळेच आहेत की पैसे!" कंत्राटदार म्हणाला, आणि सगळे फिदीफिदी हसले.

नोटा गल्ल्यावर गेल्या आणि आम्ही काही चकत्या त्याच्या पुढ्यात आलो. माणूस तोच होता, पण बोटं घामाने चिकट झाली होती. तो पत्ते बघतच नव्हता, आम्हाला बघत होता. ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता, "ही गेली म्हणजे पाळणाघराचा एक आठवडा गेला." त्याला तीन राजे आले. कंत्राटदाराने चकत्यांचा ढीग पुढे लोटला, म्हणजे आता तेवढंच लावा नाहीतर पत्ते टाका. छोट्या टेबलावर घड्याळजीने तीन राजे कधी सोडले नसते. इथे घाबरून त्याने ते पालथे टाकले. कंत्राटदाराने आपले पत्ते उलटून दाखवले. हातात काहीच नव्हतं! हसता हसता त्याची थुंकी माझ्या अंगावर उडाली. घड्याळजी पेटला. पुढच्याच डावात भिकार पत्त्यांवर त्याने एक मी सोडून सगळं लावलं, आणि ते सगळं गेलं. मुठीत घट्ट धरलेली मी तेवढी उरले. "पुढच्या रविवारी वसूल करतो," असं म्हणत त्याने मला खिशात घातलं.

घरी त्याने कोट खुर्चीवर टाकला. नुकतीच पावलं टाकू लागलेली त्याची लेक लुटुलुटु आली, तिने खिशातून मला ओढलं आणि थेट तोंडात घातलं. मित्रांनो, इतक्या जणांची घाण अंगावर घेऊन मी त्या इवल्याशा जिभेवर होते. मलाच माझी किळस आली.

तिची आई धावत आली. मला हिसकावून घेतलं, लेकीची जीभ ओल्या फडक्याने पुसून काढली.

"काय आहे हे?"

"चकती. हजाराची."

"आणि पाळणाघराचे पैसे?" त्याने कोट उचलून खुंटीला अडकवला. "अरे, बोल ना!"

"पुढच्या रविवारी मी..."

"पुढच्या रविवारी काय? हिला चघळायला अजून आणणारेस?"

मेलेलं झुरळ धरावं तसं तिने मला दोन बोटांत धरून त्याच्या पुढ्यात टाकलं. "जा. हिचे येतील ते पैसे घेऊन ये. मी कामावर फोन करते, येत नाही म्हणून."

तो मला घेऊन परत आला. कंत्राटदाराने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा! एका चकतीवरही नशीब फिरतं." घड्याळजी खुर्चीकडे बघत उभा राहिला. मग त्याने मला गल्ल्यावर ठेवलं, नोटा घेतल्या आणि शीळ न घालता जिना उतरला. तासाभरात मी पुन्हा कुणाच्या तरी दातांत होते.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी म्हणते, मला जपू नका. जे गमावणं घराला परवडत नाही, ते खिशात घेऊन माझ्या टेबलाशी बसू नका. तिथे डोळ्यांना पत्ते दिसेनासे होतात. आणि कधी मी तुमच्या घरात सापडलेच, तर लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी फेकून द्या आणि हात साबणाने स्वच्छ धुवा.