घोळभाजीची आंबट चव

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी ग्रीसच्या क्रीट बेटावर गावी परतले, तेव्हा आर्गिरोआत्याने तिच्या खाणावळीतली कोशिंबीर पहिल्यांदाच माझ्यावर सोपवली. मी आठवडाभर घोळभाजीला हौसेने पाणी घातलं, भर दुपारी पानं खुडली आणि वर ऑलिव्हचं तेल सोडलं.

आत्याने एक घास खाल्ला. "मिळमिळीत! अगं, ही भाजी तहानलेली हवी आणि पहाटे खुडायची. तरच आंबट लागते."

"खरंच की! तहानलेली असली की ती रात्री हवा घेऊन आम्ल साठवते आणि दिवसा उन्हात ते वापरून टाकते."

"हे कॉलेजात शिकवलं नव्हतं?"

"परीक्षेत आलं होतं. पैकीच्या पैकी मिळाले."

आत्या हसत खुर्चीत बसली. "मग प्राध्यापकबाई, पाणी बंद. रविवारी पहाटे टोपली घेऊन ये. कोशिंबीर तुझ्याकडेच."