हात कुणाचा सुटला

कबड्डीत टाळ्या पडतात त्या चढाईला. पोरगं दुसऱ्याच्या अंगणात घुसतं, दोघांना शिवून उडी मारत परत येतं, आणि सकाळी पेपरात त्याचा फोटो. मागं उभं राहून समोरच्याला रोखणाऱ्यांच्या वाट्याला एक ओळ येते: 'पकडीत चांगली साथ दिली.' चनमल्लप्पा सरांची सगळी हयात त्या एका ओळीत गेली होती. सोलापुरातल्या त्या कॉलेजचे मुख्य प्रशिक्षक मानसिंग सर. जिंकल्यावर शाल त्यांच्या खांद्यावर पडायची. चनमल्लप्पा सर नुसते बचावाचे. सकाळी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, दुपार कलली की मैदानावर. आपल्याला याची अजिबात खंत नाही, असं ते सांगत, आणि इतक्यांदा सांगत की ऐकणाऱ्याला शंका यावी.

पण साखळीचा विषय निघाला की माणूस फुलायचा. कोपऱ्यावरचा खेळाडू आणि त्याच्या शेजारचा, दोघं एकमेकांचा हात धरून उभे राहतात, ती साखळी. चढाईवाला आत खोल आला की ती त्याच्याभोवती फिरवायची आणि त्याला जागच्या जागी अडवायचं. हात टिकला तर तो गेला, हात सुटला तर मधून निसटतो आणि जाताना दोघांनाही बाद करतो. सरांच्या साखळीचा जिल्हाभर दरारा होता. त्या साखळीला एक नियम होता, आणि तो मैदानावर येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी कळायचा. साखळी तुटली, तर हात कुणाचा सुटला हे विचारायचं नाही. कुणी सांगायचंही नाही. दोघांनी मिळून बैठका मारायच्या, विषय संपला.

हा नियम त्यांना फुकट मिळालेला नव्हता. अक्कलकोटकडच्या खेड्यातून ते याच कॉलेजात शिकायला आले, डाव्या कोपऱ्यावर खेळले, आणि एका सामन्यात त्यांच्या घामेजल्या पंजातून जोडीदाराचा हात निसटला. सामना गेला. त्या वेळच्या सरांनी सगळ्या संघासमोर, निवड समितीसमोर, बोट दाखवून सांगितलं, "हात याचा सुटला." खोटं नव्हतं ते. पण त्या बोटानंतर चनमल्लप्पाला कुणी संघात घेतलं नाही. जोडीदार पुढं विद्यापीठाकडून खेळला, रेल्वेत लागला. आपण कधी कुणाकडे तसं बोट दाखवायचं नाही, हे तेव्हाच ठरलं. पुढं मानसिंगनं 'पोरांना जरा पकड शिकव' म्हणून बोलावलं, तेव्हा हा माणूस आला तोच नियम घेऊन. पोरांना तो फार आवडायचा. चुकल्यावर नाव न घेणारा मास्तर कुणाला नको असतो?

यंदा मुलींच्या संघात डाव्या बाजूला ऋतुजा आणि श्रीदेवी होत्या. ऋतुजा बार्शीची, हॉस्टेलवर राहणारी, कोपऱ्यावर उभी राहिली की पाय मुळांसारखे रोवणारी. शेजारी श्रीदेवी, सरांच्याच भागातली, घरी कानडी बोलणारी, हसरी. दोघींची साखळी बघून सर मानसिंगला म्हणाले होते, "इतक्या वर्षांत अशी जोडी झाली नव्हती." ऋतुजाचं हे शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या संघात नाव आलं तरच तिची कबड्डी पुढं चालणार होती. नाहीतर परीक्षा झाली की बार्शी, आणि मामाचं कापडदुकान. हे ती स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगायची, पण सरावाला सगळ्यांच्या आधी यायची.

दिवाळीनंतर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाल्या. उपांत्य सामन्यात शेवटच्या चढाईला आपला संघ एका गुणानं पुढं होता. समोरची उंच पोरगी डावीकडं आत शिरली आणि साखळी तिच्याभोवती अशी फिरली की मानसिंग सर उठून उभे राहिले. पुढच्या क्षणी मधे फट दिसली. पोरगी दोघींना शिवून मध्यरेषेवर पालथी पडली, आणि हातचा सामना गेला.

चनमल्लप्पा सर डाव्या रेषेलगत बसले होते. हात श्रीदेवीचा सुटला, हे त्यांना लख्ख दिसलं. दोघींनी बैठका मारल्या. सर पाठ करून उभे राहिले.

संध्याकाळी निवड समितीच्या रेश्मा मॅडमनी त्यांना बाजूला घेतलं. मॅडम स्वतः जुन्या खेळाडू, बोलायला सरळ. "सर, डाव्या बाजूला मला एक जागा आहे. तुमच्या दोघींतली एक घेणार. मी पलीकडं होते, मला दिसलं नाही. हात कुणाचा सुटला?"

"आमच्यात विचारत नाहीत, मॅडम."

"मी विचारतेय ना."

सर खाली मातीकडं बघत राहिले. "साखळी दोघींची होती. तुटली तीही दोघींची."

मॅडम म्हणाल्या, "माझी पंचाईत करताय तुम्ही. शेवटच्या चढाईला कुणावर भरवसा ठेवायचा, तेवढंच मला कळायला हवं होतं." आणि त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी नावं लागली. डाव्या बाजूला करमाळ्याच्या कॉलेजची पोरगी होती. ऋतुजा नव्हती, श्रीदेवीही नव्हती.

मानसिंग सर एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी भडकले. "चन्नू, तुझं तत्त्व तुझ्यापाशी ठेवायचं होतंस की! त्या पोरींचं काय चुकलं हुतं?"

"एकीचं नाव घेतलं असतं तर ती जन्मात उभी राहिली नसती, मान्या. मला माहीत आहे ते." एवढं बोलून सर मैदानावर गेले. आपण बरोबरच केलं, असं ते मनाशी म्हणत होते, आणि म्हणावं लागत होतं याचाच त्यांना राग येत होता.

मैदानावर ऋतुजा एकटी बसली होती. सर जवळ आले तशी ती उठली.

"सर, तुमाला दिसलं हुतं की."

खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. "दिसलं होतं."

"मंग मॅडमना का न्हाय सांगितलं?"

तेव्हा सरांनी तिला ते बोट, तो सामना, तो रेल्वेत लागलेला जोडीदार, सगळं सांगितलं. बायकोखेरीज कुणाला हे त्यांनी सांगितलं नव्हतं. पोरीला पटेल, तिचे डोळे भरून येतील, असं काहीतरी त्यांना वाटत होतं. ऋतुजानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुमचं नाव घेतलं म्हणून तुमचं नुकसान झालं," ती म्हणाली. "माजं नाव न घेताच झालं. तुमी त्या सरांवर राग धरला, सर, आणि काढला माज्यावर."

इतक्या वर्षांत सरांच्या नियमानं कुणाचं काही वाईट केलं असेल, असा विचारसुद्धा त्यांच्या डोक्यात शिरला नव्हता. आपण किती मोठ्या मनाचे, याच कौतुकात त्यांनी दिवस काढले होते.

दुसऱ्या दिवशी सरावाला त्यांनी दोघींना समोर उभं केलं. बाकीच्या मुली गोल करून उभ्या होत्या. सरांनी विचारलं,

"परवा हात कुणाचा सुटला?"

मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. श्रीदेवीनं मान खाली घातली. "माजा, सर."

"का?"

या 'का'ला तिच्याकडं तयार उत्तर होतं, फक्त ते आजवर कुणी मागितलं नव्हतं. तिनं डावा हात पुढं केला. मनगट सुजलेलं होतं, अंगठा मिटता मिटत नव्हता. सरांनी हलक्या हातानं दाबून बघितलं आणि त्यांच्या तोंडून कानडीच आलं, "नोव ऐतेनु?"

दुखतंय, असं तिनं मान हलवून सांगितलं. "गणपतीत पडले हुते, तवापासनं. मूठच आवळत न्हाय."

"आणि मला बोलली नाहीस?"

"कुणाला बोलायचं, सर? हात सुटला तर बोलायचं न्हाय, असंच हाय की आपल्यात. ऋतुजाताई म्हनली, तू नुसता हात दे, धरायचं मी बघते."

सरांनी ऋतुजाकडं बघितलं. ती दुसरीकडंच बघत होती. म्हणजे ती जोडी, ती इतक्या वर्षांत न झालेली जोडी, एकाच हातानं धरलेली होती. आख्खा हंगाम ही पोर दोघींच्या वाटचं धरत होती, आणि मास्तर रेषेवर बसून खूश होत होता.

त्यांनी तिथूनच रेश्मा मॅडमना फोन लावला आणि जे होतं ते नावानिशी सांगितलं. पलीकडून मॅडमचा आवाज आला, "यादी गेली, सर. परवा सांगायचं होतंत." ऋतुजा शेजारीच उभी होती, तिला ऐकू गेलं. तिचा चेहरा क्षणभर लहान पोरीसारखा झाला. मग ती म्हणाली, "चला, हिला दवाखान्यात न्यायचं हाय का न्हाय?"

दवाखान्यात श्रीदेवीला मनगटाचा फोटो काढायला आत नेलं. ऋतुजा तिच्यासोबत गेली. सर बाहेर बाकावर बसले आणि त्यांना एकेक पोर आठवायला लागलं. सगळ्यांत जास्त आठवला बसू. मंगळवेढ्याचा, खूप जुन्या संघातला. त्याच्या बाजूची साखळी सारखी तुटायची. जोडीदार बिचारा त्याच्याबरोबर बैठका मारून मारून थकायचा, आणि एक दिवस बसू कुणाला न सांगता यायचा बंद झाला. सर तेव्हा म्हणाले होते, अंगात जिद्द नव्हती पोराच्या. आता तो मंगळवेढ्यात हार्डवेअरचं दुकान चालवत होता. दर पाडव्याला न चुकता फोन करायचा.

सरांनी नंबर लावला. खुशाली झाली, दुकानाचं झालं. मग त्यांनी विचारलं, "बसू, एक सांग. तुझी साखळी सारखी का तुटायची रे?"

पलीकडं बसूनं गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं.

"आज विचारताय व्हय, सर?" बसू हसला. "मला लांबचं दिसायचं न्हाय वो. चढाईवाला अगदी अंगावर आला की मंग कळायचं. तवर जोडीदार फिरलेला असायचा, मी हितंच. माज्यापायी त्याला बैठका माराव्या लागायच्या, ते बघवंना म्हनून सोडलं."

सरांनी फोन घट्ट धरला. "मग सांगायचं नाही का, लेका?"

"तुमी कुटं विचारायचा?" बसूच्या आवाजात राग नव्हता, तेच त्यांना सोसवेना. "जाऊ द्या की, सर. आता चश्मा हाय. झ्याक दिसतंय."