चांगुणाचे चिंचोके

माझी धाकटी बहीण चांगुणा अठरा वर्षांची घोडी झाली, तरी गोंगाट झाला की कान दाबून किंचाळायची. गावानं तिला वेडी ठरवून टाकलं. गावाचं काय जातं? मायनं मात्र तिला चिंचोक्यांवर शिकवलं. किंचाळी गळ्याशी आली की ती गिळायची आणि उजव्या मुठीतला एक चिंचोका डाव्या मुठीत टाकायचा. उजवी मूठ रिकामी झाली की "वाढलं!" म्हणून ओरडायचं आणि गुळाचा खडा घ्यायचा. "सरलं" म्हणणं आमच्यात अशुभ. पीठ सरलं तरी बायका "वाढलं" म्हणतात. पुढं चांगुणा आपणच चिंचोके घेऊन बाजारात जाऊन यायला लागली. मायला आभाळ ठेंगणं झालं.

मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि त्याचा राग आमच्या वस्तीवर निघाला. भर दुपारी माणसं कुऱ्हाडी आणि रॉकेल घेऊन आली. आम्ही तिघी मायलेकी पळत जाऊन उंच ज्वारीत दडलो. माणसं बांधावरून आरोळ्या देत हुडकत फिरत होती.

चांगुणाचे चिंचोके भराभर डावीकडं चालले होते. मूठ रिकामी झाली की ही ओरडणार, आम्हीच तसं शिकवलेलं. मायनं डावीतले चिंचोके हळूच उजवीत भरायला हात घातला, तर तिनं तो झटकला. लबाडी तिला चालायची नाही. तोंड दाबावं, तर तोंडाला हात लागताच ती किंचाळली असती.

"आज वाढलं म्हनू नको गं बाई," माय कुजबुजली, "पाया पडते तुझ्या."

शेवटचा चिंचोका उरला. चांगुणानं तोंड उघडलं, चिंचोका आत टाकला आणि ओठ गच्च मिटले. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. माणसं पुढं निघून गेली.

संध्याकाळी आम्ही पिंगळीच्या स्टेशनात बसलो होतो. मागं घराची राख झाली होती. गाडी शिट्टी मारत निघून गेली, तरी चांगुणाचे ओठ मिटलेलेच. पाणीसुद्धा घेईना.

"आता वरड की गं," माय म्हणाली. "आता कोनी न्हाई. वरड!"

चांगुणानं ओठ आणखीच आवळले. मग मायचाच बांध फुटला. कपाळ बडवत ती किंचाळली, "वाढलं गं बाई! समदं घर वाढलं!"

चांगुणानं तोंडातला चिंचोका काढला आणि मायच्या उजव्या मुठीत ठेवला.