कप्तानिणीचं नाक

आमच्या गल्लीत बघण्यासारख्या चार गोष्टी: घड्याळाचा बंद पडलेला मनोरा, चौकातली तोफ, कोरडा हौद आणि कप्तानाचं घर. कप्तान कधीच मेला, त्याच्या घराचं म्युझियम केलंय. पाचवी गोष्ट म्हणजे माझी आई. ती तिकिटातच यायची.

वरच्या खिडकीत, दोरीच्या पलीकडे, ती निळा झगा घालून बसायची. हातात भरतकामाची रिंग. कप्तानाची बोट गेली ती परत आलीच नाही, बायको खिडकीत वाट बघत म्हातारी झाली, अशी गोष्ट. ती बायको म्हणजे आई. बोलायचं नाही, हसायचं नाही, खाजवायचं नाही. मला वर्गात पाच मिनिटं गप्प बसवेना म्हणून मी नववीत शाळा सोडली. ही दिवसभर कशी बसते, मला कळायचं नाही.

"आयुष्यभर लोकांच्या फरश्या पुसल्या," ती म्हणायची. "आता खुर्ची मिळालीय. बसू दे की."

भाजीवालासुद्धा तिला कप्तानीण म्हणायला लागला. आई घरीही पाठ ताठ ठेवून जेवायची.

मग म्युझियममध्ये नवीन मॅडम आल्या. आईला म्हणाल्या, "तुमचा चेहरा इथे कायमचा राहील. मान आहे हा." पुतळेवाला आला. आई नाकात नळ्या घालून प्लास्टरखाली पडून राहिली. घरी आली तर कानात प्लास्टर, पण खूश.

पुतळा आला तो हुबेहूब आई. आणि खिडकीत खुर्ची एकच होती.

मॅडमनी आईच्या हातात फडकं दिलं. "पुतळ्यावर धूळ बसणार, ती कोण झटकणार? शिवाय जिने आहेतच."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार. सवयीचं काम आहे."

मी समोरच्या चपलांच्या दुकानात कामाला. तिथून ती खिडकी सरळ दिसते. रोज सकाळी आई खिडकीत यायची आणि स्वतःचं तोंड पुसून जायची. ते बघण्याच्या नादात मी गिऱ्हाइकांना दोन्ही पायांच्या चपला डाव्या द्यायचे.

एकदा दुपारी तिचा डबा घेऊन वर गेले. तिथला गाईड लोकांना घेऊन उभा होता. त्याला आम्ही टेप म्हणतो, रोज तेच वाजवतो म्हणून.

"ही कप्तानीण," टेप म्हणाला. "आणि खरी बघायची असेल तर ती बघा, बादलीवाली."

लोक हसले. एक टोपीवाला म्हणाला, "पुतळाच बरा आहे की. मावशी, शेजारी उभ्या राहा ना, फोटो काढतो. फडकं दिसू द्या. आणि जरा हसा."

आई उभी राहिली. आणि हसली.

माझं डोकं फिरलं. टेबलावर कप्तानाची पितळी दुर्बीण होती, ती उचलली आणि पुतळ्यावर हाणली. पण आई मध्ये आली. माझ्यासाठी नाही, पुतळ्याला वाचवायला. दुर्बीण तिच्या नाकावर बसली, ती मागे पुतळ्यावर पडली, पुतळा तोंडावर आपटला. त्याचं नाक घरंगळत कपाटाखाली गेलं. आईच्या नाकातून भळाभळा रक्त.

मॅडम धावत आल्या. "आधी बघा, पुतळा अजून कुठे कुठे फुटलाय."

आई फडकं नाकाला लावून म्हणाली, "मॅडम, पोरगी अर्धवट आहे. शाळेनेही काढून टाकली. मला काढू नका."

शाळा मी स्वतः सोडली होती. पण गप्प बसले. पहिल्यांदाच.

आठवड्याने पुतळेवाला आला. तुटलेलं नाक जोडण्यासारखं राहिलं नव्हतं, आणि जुना साचा त्याने कधीच फोडून टाकला होता. आईची हनुवटी वर करून त्याने उजेडात बघितलं. नाक एका बाजूला बसलं होतं.

"हे आता काही कामाचं नाही," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "पोरीचं तेच आहे. झोपवा हिला."

"तू नाक दिलंस तर आई राहील," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर दोघी जा."

मी आईकडे बघितलं. तिने चटई आधीच अंथरली होती.

प्लास्टर गार असतं, मग तापतं. नळ्यांतून श्वास पुरत नव्हता, मी उठायला लागले. तेव्हा कोणीतरी माझे दोन्ही हात दाबून धरले. ते हात मी ओळखते, फिनेलचा वास येतो त्यांना.

"हलायचं नाही," आई म्हणाली. "बोलायचं नाही. खाजवायचं नाही."

आता पुतळ्याला चेहरा आईचा आहे आणि नाक माझं. टेप लोकांना विचारतो, ओळखा काय बदललंय. कोणालाच ओळखता येत नाही.

दुकानातून मला अजूनही खिडकी दिसते. आई रोज सकाळी येते. गाल, कपाळ, हनुवटी अगदी हळुवार पुसते, बाळाला पुसावं तसं. आणि मग नाक, तेवढं मात्र घासून काढते.