अंबूआत्याचं वळं

वेखंडाचे दोन वेढे सहाणेवर देऊन झाले होते, हळकुंडाचेही झाले होते. अंबूआत्यानं बोटातलं वळं काढून सहाणेवर टेकवलं आणि तेवढ्यात बाळंतीण कांचन दारात येऊन उभी राहिली.

"आत्या, हे काय चाललंय?"

"गुटी. दुसरं काय?"

"बेबीला गुटी द्यायची नाही. सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही."

आत्यानं वेखंड बाजूला सारलं. "बरं, वेखंड राहू दे. नुसतं सोनं देऊ? एकच वेढा."

"सोनंपण नाही." कांचन खाली बसली. "वॉर्ड में रोज सबको यही समझाती हूँ, आत्या. बायकांना रागावते. और मेरे ही घर में ये चले तो कैसे होगा?"

आत्यानं वळं पदराला पुसलं, बोटात घातलं आणि सहाण धुवायला मोरीकडे गेली. सहाण नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ धुतली.

झाशीतल्या मराठी घरांत अंबूआत्या ठाऊक नाही असं माणूस शोधून सापडलं नसतं. लक्ष्मी गेटजवळच्या जुन्या घरांपासून रेल्वेच्या क्वार्टरांपर्यंत कुठेही बाळंतीण असली की आत्याला बोलावणं जायचं. तेलानं रगडणं, न्हाऊ घालणं, शेक देणं ही सगळी कामं तिची. यावरच तिनं जन्म काढला होता. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, मूल झालंच नाही, आणि ती भावाच्या घरी परत आली ती कायमची. भावाचा मुलगा नीलकंठ तिला आत्या म्हणायचा, म्हणून त्याची मुलगी कांचनही आत्याच म्हणू लागली आणि मग अख्खं गाव. मोहल्ल्यातल्या हिंदी घरांत मात्र ती मराठन अम्मा.

बोटातलं वळं म्हणजे बिनखड्याची साधी अंगठी. पण सोनं शंभर नंबरी, तांब्याचा कण नाही. लग्नात आईनं ते घातलं होतं आणि म्हटलं होतं, हे तुझ्या पोरांच्या गुटीला होईल. पोरं काही झाली नाहीत. मग आत्यानं ते दुसऱ्यांच्या पोरांना उगाळलं. गावात इतरांकडेही सोनं होतं, पण आत्याच्या वळ्याचा वेढा मिळाला की बाळाला चांगला गुण येतो, असं बायकांच्या डोक्यात एकदा बसलं ते बसलंच. आत्यानंही कधी कुणाचा तो समज दूर करायचा प्रयत्न केला नाही. कशाला करेल?

आणि आता कांचन. कांचन चार वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून तिची वेणी, तिचा डबा, तिचं आजारपण, सगळं आत्यानं केलं. नर्सिंगला तिला धाडायचा हट्टही आत्याचाच. शंभर घरची पोरं ते सोनं चाटून मोठी झाली आणि जिला पोटच्यासारखं वाढवलं तिच्या लेकीला ते मिळणार नव्हतं. आत्याला हे फार लागलं. डॉक्टरांचं खरं असेल, हे तिला पटत नव्हतं असं नाही. पटूनसुद्धा लागतं माणसाला.

दुसऱ्या दिवशी तिनं बाळाला न्हाऊ घातलं, कांचनशी कामापुरतं बोलली आणि दुपारी चपला घालून बाहेर पडली. नीलकंठानं विचारलं, तर म्हणाली, "सराफ्यात जाऊन येते."

"कशाला?"

"हे विकून टाकते. ठेवून तरी काय करायचंय?"

नीलकंठ जन्मभर रेल्वेत पार्सलच्या खिडकीवर बसलेला माणूस. रागावलेल्या माणसाशी वाद घालू नये एवढं तो तिथे शिकला होता. त्यानं मुकाट्यानं ऑटो बोलावून दिली.

सराफ्यातल्या हरगोविंद सोनीनं वळं कसोटीवर घासलं, तेजाबाचा थेंब टाकला, रेघ पाहून मान डोलावली. मग काट्यावर ठेवलं आणि भुवया वर केल्या.

"अम्मा, सोना तो खरा है. तौल में कितना बताया था?"

"एक तोला."

"तोले के बारह माशे, इसमें तीन कम हैं." त्यानं वळं उजेडात फिरवून दाखवलं. एका बाजूला ते पार पातळ झालं होतं. "इत्तो कहाँ घिस गओ?"

"सहाण पे," आत्या म्हणाली. "बच्चों को चटाया."

"काए, कित्ते बच्चे हैं तुमाए?"

आत्यानं सांगायला सुरुवात केली. केशवरावांचा थोरला, तो आता पुण्यात डॉक्टर आहे. गार्डसाहेबांच्या जुळ्या मुली. सीपरी बाजारातल्या बँकेतला तो टकला मॅनेजर, जो स्कूटरवरून जाताना ओळखसुद्धा देत नाही, तोही. वसुंधरेची पोरं, उषाचा मुलगा, पलीकडच्या कुशवाहांचा नातू. सांगता सांगता तिचा राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही.

सोनी गल्ल्यावर हात ठेवून ऐकत होता. "तो अम्मा, आधो शहर तुमाओ सोनो खाए बैठो है," तो हसत म्हणाला आणि त्यानं उरलेल्या सोन्याचा भाव सांगितला.

आत्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आईनं हे वळं शंभर रुपयांच्या आत घेतलं होतं. झिजून उरलेल्याचे पंचवीस हजारांच्या वर?

"भाव की मत पूछो," सोनी म्हणाला. "हमाई खुद की समझ में नईं आउत. पैसे गिन दूँ?"

आत्यानं वळं परत हातात घेतलं. "छोटी बच्ची के लिए इसका क्या बनेगा?"

"इत्ते खरे सोने का? कछु नईं. कंगन बनाओ तो हाथ लगते ही मुड़ जाए. ताँबा मिलाना पड़ेगा."

"ताँबा नहीं," आत्या ठामपणे म्हणाली.

"तो फिर कान की तार खींच दूँ. बच्चे का कान छेदने के लिए इससे अच्छी चीज नइयाँ. नरम रहती है, कान पकत नईं."

आत्या दुकानाच्या गादीवर बसून राहिली. पोटात नाही, तर नाही. कानात तर जाईल. आणि तिथे ते झिजणारही नाही, दिसत राहील. तिला एकदम हलकं वाटलं.

"तार खींचो," ती म्हणाली. "बाकी के मणी बनाओ, काले मोती में पिरोने के. और परसों नगरा में हमारे घर कान छेदने आना. बारसं है."

कांचननं हे ऐकलं आणि आत्याच्या रिकाम्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "शुद्ध सोन्याने रिअ‍ॅक्शन होत नाही, ते ठीक आहे. पण तार मी उकळून घेणार."

बारशाच्या दिवशी तिनं तार उकळली, बाळाचे कान स्पिरिटनं पुसले आणि हरगोविंद सोनीला हातमोजे घालायला लावले. तीन पिढ्यांचे कान टोचणारा तो माणूस, रबरी हातमोजे घालून अवघडून बसला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"बच्ची का सिर कौन पकड़ेगा?" त्यानं विचारलं.

कांचन पुढे झाली. रोज डझनावारी पोरांना सुया टोचणारी बाई. तिनं बाळाचं डोकं धरलं, सोनीनं तार कानाजवळ आणली आणि कांचननं हात काढून घेतले.

"मुझसे नहीं होगा," ती म्हणाली. "आत्या, तू धर." आणि तिनं सरळ आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

आत्यानं मांडी घातली, बाळाला घेतलं, एका तळव्यात डोकं आणि हनुवटी पक्की धरली. तिचे हात अजून कधी हलले नव्हते. एक कान झाला, दुसरा झाला. बाळ रडलं ते थोडंच. आतून कांचनच्या हुंदक्यांचा आवाज त्याहून मोठा होता. सोनीनं तारेची टोकं वळवली, हातमोजे काढले आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

काही वेळानं डोळे पुसत कांचन बाहेर आली. आत्यानं बाळ तिच्यापुढे धरलं. एवढ्या वर्षांत किती बाळं तिनं अशी पुढे धरली होती. तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, दुपट्यात गुंडाळायचं आणि आईच्या हातात द्यायचं. आई घ्यायची आणि आत्या हात धुऊन पुढच्या घरी जायची. हाताला तीच सवय होती.

कांचननं बाळ घेतलं नाही. वाकून त्याचे दोन्ही कान पाहिले, आत्याचा खांदा दाबला.

"राहू दे तुझ्याकडेच. मी जेवून घेते," ती म्हणाली आणि पानावर जाऊन बसली.

आत्याचे हात थोडा वेळ तसेच पुढे राहिले. मग तिनं बाळ परत जवळ ओढलं. तेल लावायचं नव्हतं, पाणी निवत नव्हतं, कुणी वाट पाहत नव्हतं. नुसतं बाळ घेऊन बसायचं कसं, हे तिला नीट ठाऊकच नव्हतं. ती हळूहळू मागे सरकली, भिंतीला टेकली, पाय लांब केले. नीलकंठ पान वाढल्याचं सांगायला आला, तर तिनं मानेनंच नको म्हटलं आणि त्याला पंखा जरा कमी करायला सांगितलं.