अंगठ्याएवढी जागा

मित्रांनो, मी एका पोलादी नळीवरचा जुना लेप आहे. केसाहूनही पातळ. हायड्रोजन इतका बारीक, की तापलेल्या पोलादातूनही पाझरतो. त्याच्या जड भावंडांनाही, म्हणजे समस्थानिकांनाही, तीच खोड. त्यांना अडवणं एवढंच माझं काम, आणि तेच मला जमलं नाही.

मला घडवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. नळी घासूनपुसून द्रावात बुडवायची, भट्टीत भाजायची, की माझा जन्म. हातमोज्याशिवाय कोणी नळीला हात लावला, तर ताई त्याला फाडून खात. स्वतः मात्र बुडवण्याआधी मोजा काढून, लेकराच्या गालावरून फिरवावा तसा नळीवरून अंगठा फिरवत. मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसत. माझ्या वेळी गप्पांच्या नादात बोळा राहिला. त्या तेलकट जागी मला धड चिकटता येईना, तरी मी चकाकत राहिलो. वरून कीर्तन, आतून तमाशा.

चाचणीत नळीत हायड्रोजन भरून ती तापवली, तसा बाहेरच्या मापकाचा काटा चढला. सगळ्यांनी बोट दाखवलं टोकाच्या सांध्याकडे. तो वेल्डरमामांनी जोडलेला. महिन्याभरात ते निवृत्त होणार होते, आणि तीस वर्षांत त्यांचा एकही सांधा गळला नव्हता. साहेबांनी त्यांचं काम काढून घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी! पण मला तोंड नव्हतं.

ताईंनी त्याच संध्याकाळी मला भिंगाखाली धरलं. माझ्या भेगा अंगठ्याच्या रेषांसारख्या वळल्या होत्या. त्यांनी आपला अंगठा पाहिला, मला फडक्यात गुंडाळलं आणि खणात ठेवलं. तीन दिवस खण बंद होता.

चौथ्या दिवशी मामा आपलं कपाट रिकामं करू लागले. ताईंना ते बघवेना. मला घेऊन त्या सरळ साहेबांसमोर, मामांच्या देखत उभ्या राहिल्या.

"सांधा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "चूक माझ्या हाताची. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मामा रागावले नाहीत. "ताई, मला तर कोणी विचारलंसुद्धा नाही," एवढंच म्हणाले.

आता मी ताईंच्या टेबलावर असतो. नव्या माणसांना त्या आधी मला दाखवतात, मग मोजे देतात.

मित्रांनो, कामाला स्वच्छ हात लावा. आणि चुकलात, तर लगेच सांगा. बिघडलेला लेप खरवडून नवा चढवता येतो. मामांचे ते तीन दिवस मात्र तसेच राहिले.