बाबांचा आवाज

घशाच्या कर्करोगात श्रीपाद लेल्यांचं स्वरयंत्र काढलं. कंपामुळे हातात पेनही धरवेना. तेव्हा त्यांच्या मुलानं, अपूर्वनं, जुन्या व्याख्यानांच्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटरमध्ये त्यांचाच आवाज बसवून घेतला. बाबा एका बोटानं टाइप करायचे आणि टेबलावरचा तो छोटा डबा बोलायचा. पण टाइप झाल्यावरही फार रखडत. वाक्य तयार होईपर्यंत सून, उर्वी, खोलीतून गेलेली असायची. मग रिकाम्या खोलीत तो भारदस्त आवाज म्हणायचा, "ही भाजी गुरांनीही तोंडात धरली नसती."

अपूर्वला वाटायचं, बाबा गप्पांना मुकतायत. एका रविवारी त्यानं डबा उलटा करून तळाचे स्क्रू काढले, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, रॅमची मोठी पट्टी खाचेत दाबली.

"आता बोला, बाबा."

"शाब्बास!" आवाज लगेच आला. अपूर्वचे डोळे भरून आले.

सोमवारी तो ठाण्याला ऑफिसला गेला. उर्वी चहा ठेवून वळते न वळते तोच आवाज आला, "पोटात मूल टिकलं नाही तुझ्या. निदान चहा तरी धड कर."

रात्री तिनं अपूर्वला सांगितलं. "अगं, आजारी माणूस आहे," तो म्हणाला.

शनिवारी बाबांनी तेच वाक्य त्याच्यादेखत ऐकवलं, स्पीकर मोठा करून. अपूर्व मान खाली घालून जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी अपूर्व बाजारात गेला होता आणि बाबा आंघोळीला. उर्वीनं डबा उघडला, रॅमची पट्टी उपसली आणि कचरेवालीच्या पिशवीत टाकली. बाबा आले. बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळाच. पुन्हा दाबलं. पुन्हा.

उर्वी समोर खुर्ची ओढून बसली. "काय म्हणताय, बाबा?"

ओठ हलले. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली.

"ऐकू येत नाही. जरा मोठ्यानं बोला ना."

अपूर्व परतला तेव्हा बाबा टेबलावर मुठी आपटत होते. त्यानं डबा उघडला. खाच रिकामी होती. त्यानं उर्वीकडे पाहिलं. तिनं नजर हटवली नाही. त्यानं एकेक स्क्रू पुन्हा घट्ट बसवला.

"मदरबोर्ड गेलाय, बाबा. हा आता दुरुस्त व्हायचा नाही."

बाबांनी मान जोरजोरात हलवली, त्याचा दंड धरला, सुनेकडे बोट दाखवलं. अपूर्वनं त्यांची बोटं हलकेच सोडवली.

"उर्वी, पानं घे," तो म्हणाला. "भूक लागलीय."